हिशेबाच्या वहीत नसलेली रेघ

मैत्रिणींनो, तुमची घरखर्चाची वही जरा डोळ्यांपुढे आणा बघू. दूध, वाणसामान, भाजी, गॅस, मुलांची फी, विजेचं बिल, भिशीचा हप्ता... सगळं असतं तिच्यात. कुणी जुन्या डायरीत लिहीत असेल, कुणी मोबाइलवर. पण एक खर्च त्यात सापडायचा नाही. तो म्हणजे आपले स्वतःचे तास! चकलीच्या भाजणीला किती रुपये लागले ते आपण काटेकोर लिहितो. ती भाजायला, दळून आणायला, उकड काढून मळायला, सोऱ्यातून पाडायला आणि तळायला किती वेळ गेला, ते कुठे लिहितो?

हे माझ्या ध्यानात आलं ते बीजगणित शिकताना. हसू नका! तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझी शाळा आठवीनंतर सुटली. घरोघरी सुटायची तशीच. सेहेचाळिसाव्या वर्षी मी दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी बोर्डाचा हा फॉर्म असतो. मराठी, इतिहास वाचून जमेल असं वाटत होतं. गणिताचं पुस्तक उघडलं, तर पहिल्याच धड्याचं नाव ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. वाटलं, नाव असं तर आत काय असेल! पण शेजारच्या वहिनींची लेक बारावी कॉमर्सला आहे, ती दुपारी तासभर माझ्यापाशी बसायला लागली. पहिल्याच दिवशी म्हणाली, “काकू, हे तुम्ही रोजच करता. फक्त लिहीत नाही.”

आणि खरंच होतं तिचं. समजा, वाण्याने ३ किलो तूरडाळ आणि ४० रुपयांची मोहरी मिळून ५५० रुपये लावले. डाळ काय भावाने दिली? आपण मनातल्या मनात ४० काढतो, उरलेल्या ५१० चे तीन भाग करतो आणि म्हणतो, १७० रुपये किलो. झालं! हेच लिहायचं असं: ३क्ष + ४० = ५५०. क्ष म्हणजे डाळीचा भाव, जो आपल्याला अजून ठाऊक नाही. समीकरण म्हणजे वाण्याचा तराजू. एका पारड्यातून ४० काढले की दुसऱ्यातूनही काढायचे, म्हणजे काटा हलत नाही. एकीकडे तीनने भागलं की दुसरीकडेही भागायचं. एवढा नियम पाळला की क्ष एकटा उरतो आणि आपलं नाव-गाव सांगतो.

दोन पारडी सारखी आहेत हे दाखवणारी ती दोन आडवी रेघांची खूण रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या गृहस्थांनी १५५७ साली छापून आणली. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या वस्तू जगात दुसऱ्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्यात ठाऊक नसलेल्या संख्यांना चक्क रंगांची नावं आहेत. पहिली ‘यावत्-तावत्’, पुढची कालक, नीलक, पीतक, म्हणजे काळी, निळी, पिवळी. मला तर हे वाचून रांगोळीच्या पुड्या आठवल्या. त्यानंतर क्ष आणि य यांची भीती बरीच गेली.

आता आलेखाकडे येऊ. तुमच्याकडे १०० रुपये आहेत. कोथिंबिरीची जुडी १० रुपयांना, मेथीची २० ला. सगळे पैसे खर्च करायचे, तर किती किती घेता येतील? नुसती कोथिंबीर घेतली तर १० जुड्या. नुसती मेथी घेतली तर ५. नाहीतर कोथिंबिरीच्या ४ आणि मेथीच्या ३. चौकटीच्या कागदावर एक आडवी आणि एक उभी रेघ काढा. आडवीवर कोथिंबीर मोजा, उभीवर मेथी. या तीन जोड्यांचे तीन ठिपके द्या आणि त्यांना पट्टी लावून पाहा. तिन्ही ठिपके एका सरळ रेघेत येतात! मी चौथी जोडी घेतली, कोथिंबिरीच्या ६ आणि मेथीच्या २. तीही त्याच रेघेवर. मला तर ठिपक्यांच्या रांगोळीत नक्षी उमटल्यासारखं वाटलं. म्हणून त्याला ‘रेषीय’ म्हणायचं, एवढा साधा अर्थ. समीकरणाचं असं चित्र काढायची वाट फ्रान्सच्या देकार्त यांनी १६३७ सालच्या भूमितीच्या लेखनात दाखवली.

पण तुम्ही म्हणाल, शंभर रुपये नेले म्हणून शंभरही संपवायचे, असं कुठं आहे? बरोबर! संसार काही बरोबरच्या खुणेवर चालत नाही. तो चालतो ‘जास्तीत जास्त’ आणि ‘कमीत कमी’ यांवर. महिन्याला गॅस जास्तीत जास्त एक सिलिंडर. दूध कमीत कमी दीड लिटर. गणितात याला असमानता म्हणतात. लहानमोठेपणाच्या त्या चोचीसारख्या खुणा टॉमस हॅरियट यांच्या पुस्तकात आल्या. ते छापलं गेलं १६३१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

असमानतेचं चित्र म्हणजे रेघेच्या एका बाजूचा अख्खा भाग. कुठली बाजू? युक्ती सोपी आहे. जिथे दोन्ही अक्ष मिळतात तो शून्याचा कोपरा घ्या आणि विचारा, काहीच घेतलं नाही तर नियम मोडतो का? शंभरच्या आतच आहोत ना? मग तो कोपरा ज्या बाजूला आहे ती बाजू आपली. तिला हलकी पेन्सिल फिरवायची. रेघ स्वतः चालत असेल तर ती सलग काढायची, चालत नसेल तर तुटक.

एक नियम मात्र मला दोन दिवस पचला नाही. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं की चोच उलटी फिरते. मग मी तो कर्जावर घातला. २ पेक्षा ५ मोठे. पण दोन हजार कर्ज असलेली आणि पाच हजार कर्ज असलेली, यांत बरी स्थिती कुणाची? दोन हजारवालीची. उणे आलं की थोरली धाकटी होते, धाकटी थोरली. ते विसरणं मग शक्यच नाही.

आता मुख्य गोष्ट. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई दिवाळीच्या आधी दहा दिवस फराळाच्या ऑर्डरी घेतो. चकली आणि पातळ पोह्यांचा चिवडा. भांडवल १८,००० रुपये. चकलीला किलोमागे २०० रुपये खर्च आणि १६० रुपये सुटतात. चिवड्याला १५० खर्च आणि १०० सुटतात. यंदा ह्यांनी हिशेब मांडला, “अगं, चकलीत जास्त मिळतात ना? मग नुसती चकलीच करा. १८,००० मध्ये ९० किलो होईल. १४,४०० रुपये सुटतील.” हिशेबात काही चूक नव्हती. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पण आदल्या वर्षीपासून त्यांचा उजवा खांदा दुखत होता. सोऱ्या त्याच दाबतात. रात्री कूस बदलताना त्या कण्हत, ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं.

मी आलेखाचा कागद घेतला. आडव्या अक्षावर चकलीचे किलो, क्ष. उभ्यावर चिवड्याचे, य. पैशाची रेघ आधी काढली: २००क्ष + १५०य जास्तीत जास्त १८,०००. ती आडव्या अक्षावर ९० ला आणि उभ्यावर १२० ला टेकली. मग दुसरी रेघ काढली, जी आमच्या घरात आजवर कुणी काढली नव्हती. किलोभर चकलीला एकीचा एक तास लागतो, चिवड्याला अर्धा. घरचं सगळं आवरून दोघींचे मिळून रोज आठ तास निघतात, दहा दिवसांचे ८०. म्हणून क्ष अधिक य चा अर्धा, जास्तीत जास्त ८०. ही रेघ आडव्या अक्षावर ८० ला आणि उभ्यावर १६० ला टेकली.

दोन्ही रेघांच्या आतला जो भाग, तेवढंच आमचं अंगण. ह्यांचा ९० किलोंचा ठिपका पैशाच्या रेघेवर बरोबर बसत होता. पण तासांच्या रेघेच्या बाहेर होता!

मग अंगणाचे कोपरे पाहिले. रेषीय हिशेबात सर्वांत जास्त फायदा शोधायला कोपरेच तपासले तरी पुरतं, असं बारावीच्या पुस्तकात आहे. नुसती ८० किलो चकली केली तर १२,८०० रुपये. नुसता १२० किलो चिवडा केला तर १२,०००. आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो कोपरा? दोन समीकरणं एकत्र सोडवली. दुसरीला दुपटीने घेतलं, २क्ष + य = १६०, म्हणून य = १६० − २क्ष. पहिलीला ५० ने भागलं, ४क्ष + ३य = ३६०. त्यात य ची किंमत घातली: ४क्ष + ४८० − ६क्ष = ३६०, म्हणजे २क्ष = १२०. चकली ६० किलो, चिवडा ४० किलो. फायदा ९,६०० आणि ४,०००, मिळून १३,६००.

मी कागद ह्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, “अहो, तुमच्या बेतात ८०० रुपये जास्त आहेत, खरंय. पण ते दहा तास जास्तीचे आहेत, आणि ते रात्रीतून काढावे लागतील. शिवाय वहिनींना ३० किलो चकली जास्त पाडावी लागेल. ८०० रुपयांत खांद्याची ट्रीटमेंट होते का, ते सांगा.” ह्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, “ही दुसरी रेघ कसली?” मी म्हटलं, “आमची.”

यंदा चकली ५८ किलो झाली आणि चिवडा ४२. वस्तीतल्या ऑर्डरी काही आलेख बघून येत नाहीत! पण अकरा वाजता घरातले दिवे मालवले जात होते. जाऊबाईंचा खांदा अजून पुरता बरा नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, तो त्या करतात. परवा मला म्हणाल्या, “अगं, पुढच्या वर्षी माझ्या खांद्याची पण एक रेघ काढ. माझ्या हातून जास्तीत जास्त ५० किलो.” मी काढणार आहे.

हे काही माझं एकटीचं खूळ नाही बरं का. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९४५ साली असाच प्रश्न मांडला होता. एका माणसाला वर्षभर पुरेसं पोषण कमीत कमी किती पैशांत मिळेल? खाण्याच्या ७७ वस्तू आणि पोषणाच्या ९ अटी, प्रत्येक अट ‘कमीत कमी एवढं’ अशी. १९३९ सालच्या भावाने त्यांचं उत्तर आलं वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. पुढे १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांच्या नव्या रीतीने तोच हिशेब नऊ जणांनी हाताने चालवायच्या यंत्रांवर केला. त्याला मिळून १२० दिवसांची मेहनत पडली आणि उत्तर फक्त २४ सेंटनी कमी आलं. कणीक, कोबी, पालक, वाळलेल्या शेंगांचे दाणे असा तो आहार. चवीची अट कुणी घातलीच नव्हती. जी अट लिहिली नाही, ती हिशेबाला दिसत नाही. मग तो हिशेब विद्वानांचा असो की घरातला.

तेव्हा मैत्रिणींनो, शाळेच्या सामानाच्या दुकानातून आलेख कागदाची एक वही आणा. एक पट्टी, एक टोकदार पेन्सिल. घरातलं कुठलंही एक काम घ्या. डबे असोत, शिवण असो, की पाहुण्यांचा स्वयंपाक. पैशाची रेघ काढाच. पण तिच्याशेजारी आपल्या तासांची रेघही काढा, आणि ती घरात सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. अडलंच तर शेजारपाजारी दहावी-बारावीतलं एखादं मूल असतंच. लाजू नका, विचारा. वाटीभर चिवड्यात शिकवतात बिचारी!