रेक्ससाठी हे पत्र

पेडणे

प्रिय भाच्यास,


तुझा निरोप ताईकडून मिळाला. ‘मास इफेक्ट’ या गेम-त्रयीचा तिसरा, शेवटचा भाग थेट खेळायला घेतला तर चालेल का, असं विचारलंस. चालेल. बायोवेअर कंपनीने तशी सोयच केली आहे. सुरुवातीलाच पृथ्वीवर हल्ला होतो, त्यामुळे शत्रू कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. लढाई जड वाटली तर सोपा ‘स्टोरी’ मोड आहे. दोन तासांत तू रमशील.

तरी लिहायला बसलो तो रेक्ससाठी.

पहिला भाग संगणकावर आला २००८ साली. फर्मागुडीच्या हॉस्टेलवर मी तो खेळलो. रेक्स हा आपल्या तुकडीतला, क्रोगन जमातीचा, दांडगा, कमी बोलणारा. त्याच्या जमातीवर जिनोफेज नावाचा रोग लादलेला आहे, त्यांची बहुतेक बाळं जन्मतच नाहीत. विरमायर ग्रहावर त्याला त्या रोगावर इलाज असल्याचं कळतं आणि आपण नेमकी तीच जागा उडवायला निघालेलो असतो. उथळ पाण्यात तो आपल्यावर बंदूक रोखतो. समजूत काढता आली तर जगतो, नाही तर तिथेच मरतो. जगला, तर २०१२ च्या तिसऱ्या भागात जमातीचा पुढारी होऊन भेटतो, कारण जुनी सेव्ह फाइल पुढच्या भागात नेता येते.

तू तिसऱ्यापासून सुरू केलंस की खेळ धरून चालतो, रेक्स त्या पाण्यातच मेला. त्याच्या जागी त्याचा भाऊ रीव्ह येतो. कथा पुढे सरकते, कुठेच अडत नाही. आपलं कुणीतरी इथे असायला हवं होतं, हे तुला कळणारही नाही. मला तेच सोसत नाही.

लहानपणी तू आमच्याकडे जत्रेला यायचास, तेव्हाही असंच व्हायचं. आडदशावतारात संकासूर आला की खिदळायचास, आख्यान रंगात येईतो माझ्या मांडीवर गाढ झोपलेला असायचास. पहाटे दहीकाल्याला मी तुला उठवायचो. काल्याचा प्रसाद तुला मिळायचाच आणि हंडी फुटल्यावरचा तुझा आनंदही खरा असायचा. पण शेजारी रात्रभर जागलेले आजोबा डोळे पुसत असायचे, आणि तू मला विचारायचास, आजोबा का रडतात?

तिसऱ्या भागाच्या शेवटाविषयीची ओरड तू ऐकली असशील. इतक्या वर्षांचे सगळे निर्णय तीन रंगांच्या पर्यायांवर येऊन थांबले, म्हणून जुने खेळाडू एवढे चिडले की कंपनीने त्याच वर्षी जूनमध्ये शेवट वाढवून फुकट दिला. चीडही जागलेल्यांनाच येते रे. मलाही ती शेवटची दहा मिनिटं उणी वाटली. पण माझ्यापुरता मालिकेचा शेवट त्या दहा मिनिटांच्या आधीच, टुचांका ग्रहावर जिनोफेजच्या इलाजापाशी होतो. तिथे काय घडतं ते सांगत नाही.

२०२१ च्या ‘लेजेंडरी एडिशन’मध्ये तिन्ही भाग एकत्र आहेत. पहिल्यापासून घे. मुख्य कथाच धरलीस तर पहिला भाग वीसेक तासांत होईल, चतुर्थीच्या सुट्टीत सहज. विरमायरला जाण्याआधी रेक्सच्या घराण्याचं चिलखत शोधून त्याला दे, म्हणजे तो ऐकतो. आणि पाण्यात त्याच्याशी बोलायला जाण्याआधी सेव्ह कर, मग मला फोन लाव. कितीही रात्र झाली तरी लाव.

ताईला आणि भावोजींना नमस्कार.

तुझा,
मामा