जेथें मोटार येत नाहीं

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांनीं आम्हांस शाळेंत येतांना पाहिलें आहे, त्यांस हें ठाऊकच आहे कीं, आम्ही पायीं येतों. पावसांत छत्री, उन्हांत टोपी. वाटेंत एखाद्या पालकांनीं गाडी थांबवून "सर, बसा" म्हणावें आणि आम्हीं हात जोडून नकार द्यावा, हा क्रम पंधरा वर्षें चालला. घरीं सायकल नव्हती असें नाहीं. ती पडवींत खुंटीला टांगलेली असे. ती खालीं कशी उतरली, हें सांगावयाचें मनांत आहे. मात्र त्यासाठीं वाचकांस आमच्याबरोबर बरेंच दूर यावें लागेल.

प्रथम ती वर कां चढली तें सांगितलें पाहिजे. सन २००९ च्या ऑगस्ट महिन्यांतील एका सोमवारीं शिष्यवृत्तीचे अर्ज टपालांत टाकावयाचे राहून गेले होते. टपाल निघण्यास अर्धा तास उरला होता आणि आम्हांस तास सोडतां येत नव्हता. म्हणून नववींतील एका चलाख मुलास आमची सायकल देऊन पाठविलें. हमरस्त्याच्या वळणावर मागून आलेल्या मालमोटारीनें त्यास उडविलें. मुलगा वांचला, डावा पाय गुडघ्याखालीं गेला. इस्पितळांत त्याचा सदरा कापून काढला, तेव्हां अर्जांचें पाकीट आंत कोरडें निघालें. पाऊस लागूं नये म्हणून त्यानें तें छातीशीं खोंचलें होतें. आम्हांस कोणींही दोष दिला नाहीं. त्याच्या वडिलांनीं तर नाहींच. सायकल दुरुस्त होऊन आली ती खुंटीला गेली. त्यानंतर आम्हीं कोणाही मुलास "सायकलनें ये" असें म्हटलेलें नाहीं.

आमची धाकटी बहीण अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ परिचारिका आहे. सन २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटींत तिनें आम्हांस बोलाविलें, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यांत सर्व कुटुंब मेन संस्थानांतील अकेडिया राष्ट्रीय उद्यान पाहण्यास निघालें. बोस्टनहून मोटारीनें सुमारें पांच तासांची वाट. हें उद्यान बव्हंशीं माउंट डेझर्ट नांवाच्या बेटावर आहे. समुद्रांतून उठलेले ग्रॅनाइटचे डोंगर, त्यांच्या कुशींत तळीं, आणि सभोंवार देवदार, पाइन व भूर्ज यांचें रान. १९४७ सालीं येथें वणवा लागून बेटावरील सुमारें सतरा हजार एकर प्रदेश जळाला. त्या जळलेल्या भागांत आज पांढऱ्या सालीचे भूर्ज दाटले आहेत, हें पाहणाऱ्यास सांगितल्यावांचून कळतही नाहीं.

या रानांतून बहात्तर किलोमीटर लांबीच्या खडीच्या वाटा काढलेल्या आहेत. त्यांवर पायीं चालावें, घोडा न्यावा, सायकल चालवावी. मोटारीस मात्र मज्जाव. आमच्या अकरा वर्षांच्या भाचीनें हें आधींच ठरवून ठेवलें होतें कीं, मामानें सायकल चालवावयाची. आम्हीं पुष्कळ सबबी सांगितल्या. "मामा, तिथें ट्रक येतच नाहीं," एवढेंच ती म्हणाली. तिला २००९ ची हकीकत ठाऊक होती कीं काय, हें आम्हीं आजवर विचारलेलें नाहीं.

ईगल लेक म्हणजे गरुडसरोवर. त्याला वळसा घालणारी वाट सुमारें सहा मैलांची आहे. भाड्यानें घेतलेल्या जाड टायरांच्या सायकली व डोक्यावर शिरस्त्राणें, अशा थाटांत आम्ही निघालों. मोटारींचा रस्ता तेथें एका दगडी पुलावरून जातो व सायकलींची वाट त्याच्या खालून. त्या पुलापासून जसजसें दूर जावें, तसतसा मोटारींचा घरघराट मागें पडतो आणि चाकांखालीं खडी चुरल्याचा आवाज तेवढा उरतो. आरंभीं तो आवाज आम्हांस गोड वाटला नाहीं. मागून एखादी सायकल आली कीं, खडी करकरे आणि आमच्या पाठीवर कांटा येई. दर मिनिटास मान मागें वळे, आणि मान वळली कीं सायकलही वळे. वर त्या दिवसांतील काळ्या माशा! त्या इतक्या बारीक असतात कीं चावून गेल्यावरच दिसतात. बहीण मागून म्हणाली, "दादा, पुढें बघ." पण पंधरा वर्षांची संवय अशी कोणाच्या सांगण्यानें जात नाहीं.

शेवटीं एका उतारावर आम्हीं घाबरून पुढचा ब्रेक दाबला. चाक खडीवरून सरकलें आणि आम्ही कडेच्या चरांत आडवे झालों. कोपर खरचटलें, अब्रूचेंही थोडें तसेंच झालें. पण चरांत बसल्यावर माणसास रस्ता नीट दिसतो, हा आमचा त्या दिवशींचा शोध होय. वाट सोळा फूट रुंद. मधोमध उंच व दोहों कडांस उतरती, कांसवाच्या पाठीसारखी. खालीं मोठे दगड, त्यांवर लहान, सर्वांत वर बारीक खडी, असे तीन थर. पडलेलें पाणी वाटेवर न थांबतां चरांत यावें व चरांतून दगडी मोरीनें वाटेखालून पलीकडे जावें. दरीच्या बाजूस मोठमोठ्या शिळा दांतांसारख्या रोवलेल्या आहेत, आणि लोक त्यांस विनोदानें "रॉकफेलरचे दांत" असेंच म्हणतात.

हा रॉकफेलर कोण, तें मुलांनीं अवश्य समजून घ्यावें. वडील जॉन रॉकफेलर यांनीं १८७० सालीं स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापिली. प्रथम घासलेट व पुढें पेट्रोल यांवर त्या घराण्याची संपत्ति उभी राहिली. त्याच नांवाचे धाकटे रॉकफेलर यांस घोड्याच्या गाडीचा नाद. माउंट डेझर्ट बेटावर पूर्वीं मोटारींस बंदी होती. १९१० नंतरच्या दशकांत ती उठली. तेव्हां ज्याचा पैसा मोटारींच्या इंधनांतून येत होता, त्यानेंच १९१३ पासून १९४० पर्यंत सत्तावीस वर्षें खपून मोटारीविरहित वाटा बांधविल्या व उद्यानास दिल्या. यांत ढोंग पाहणारे पाहोत. आम्हांस त्यांतील एक गोष्ट विचारार्ह वाटते: त्यांनीं मोटारींशीं वैर धरलें नाहीं. उद्यानांतील मोटारींच्या रस्त्यासही त्यांनीं हातभार लाविला. मोटारीची वाट मोटारीस व चालणाराची चालणारास मिळावी, आणि दोन्ही एकमेकींस भेटतील तेथें मध्यें पूल असावा, एवढाच त्यांचा आग्रह. असे सतरा दगडी पूल या वाटांवर आहेत, आणि त्यांतील एकही दुसऱ्यासारखा नाहीं.

रॉकफेलर १९६० सालीं वारले. पुढें चर पानांनीं बुजले, मोऱ्या तुंबल्या, आणि वरचा खडीचा थर पावसानें वाहून गेला. १९९२ ते १९९५ या वर्षांत सर्व वाटा पुन्हा नीट करण्यांत आल्या. आजही बर्फ वितळून जमीन भिजते, त्या वसंताच्या दिवसांत त्या बंद ठेवतात; ओल्या खडीवर चाकें गेलीं तर केलेलें काम फुकट जाईल.

चरांतून उठल्यावर पुढील तीन मैल कसे गेले तें सांगतां येत नाहीं. तळ्यांतून लून नांवाच्या पाणपक्ष्याची हांक आली, ती ऐकण्यासाठीं आम्ही थांबलों. एक वृद्ध जोडपें पायीं चाललें होतें. त्यांस आम्हीं घंटी वाजवून वाट मागितली, कारण तेथें सायकलवाल्यानेंच सर्वांपुढें नमतें घ्यावयाचें असा नियम आहे. पुन्हा पुलापाशीं आलों, तेव्हां भाची म्हणाली, "मामा, मघांपासून तूं मागें बघितलेंच नाहींस." तिनें मोजलें होतें कीं काय कोण जाणे.

परत आल्यावर एके सायंकाळीं आम्ही त्या विद्यार्थ्याच्या दुकानांत गेलों. (नांव छापूं कां, असें विचारलें, तो नको म्हणाला.) सारी हकीकत सांगितली. तो खालीं मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मी सात वर्षें सायकल चालवतों आहे."

आम्ही पाहतच राहिलों. त्याला जयपूर पाय बसविला आहे हें ठाऊक होतें. हें ठाऊक नव्हतें.

"पाटावरच्या वाटेनें जातों, पहांटे," तो म्हणाला. "तुम्हांला कळलें तर जुनें सगळें आठवेल, म्हणून बोललों नाहीं."

आमच्या गांवाबाहेरून प्रवरेचा कालवा जातो. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याचें पाणी नेणारा हा पाट. म्हणजे रॉकफेलरसाहेब तिकडे पूल बांधीत होते, त्याच काळांतला. त्याच्या भरावावर मुरुमाची वाट आहे, दोहों बाजूंस बाभळी व करंज. उसाचे ट्रॅक्टर हंगामांत येतात, एरव्हीं कोणी नाहीं. वाटेस उतार नाहीं, चर नाहीं. पावसाळ्यांत दोन ठिकाणीं ती कापली जाते व तेथें सायकल उचलून न्यावी लागते. दोन चर खणूं देण्याविषयीं शाळेचा अर्ज पाटबंधारे खात्याकडे गेला आहे. उत्तर यावयाचें आहे. ज्या पालकांच्या घरीं टिकाव व घमेलीं असतील, त्यांनीं तीं तयार ठेवावीं.

तोंवर आम्ही दोघे रविवारीं दुपारीं जातों. तो पुढें असतो; त्याला वाट ठाऊक आहे. आणि आम्ही, खरें सांगावयाचें तर, अजून मधून मधून मागें वळून पाहतों.