टाळ ऐकू येतो का?

गेल्या दिवाळीत माझा मुलगा पुण्याहून हिंगोलीला आला, तेव्हा त्याने आपल्या आजीसाठी एक पेन ड्राइव्ह आणला होता. त्यात पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजातील संत नामदेवांचे अभंग होते आणि तेही ‘हाय-रेझोल्यूशन’ स्वरूपात. मोबाइलवर प्रवाहित होऊन येणारे संगीत दाबून लहान केलेले असते, आजीने एकदा मूळ आवाज ऐकावा, अशी त्याची इच्छा. माझी आई ७८ वर्षांची. तिचे माहेर नरसीचे, म्हणजे नामदेवांच्या जन्मगावचे. भजनात आयुष्य गेलेल्या या श्रोत्याहून अधिक जाणता परीक्षक आम्हाला कोठे मिळणार होता?

मुलाने हिशेब समजावून सांगितला. सीडीवरील आवाजाचे प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, त्याच्या फाइलमध्ये ते ९६,००० होते. सीडीला दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते, त्या फाइलला ४,६०८. मोबाइलवरील चांगल्या प्रतीच्या प्रवाहाला मात्र ३२० किलोबिट पुरतात, कारण मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज त्यातून वगळलेला असतो. नेटवर्क क्षीण झाले की ॲप हा आकडा आणखी खाली आणते आणि मग सर्वांत आधी बिघडतो तो टाळांचा नाद. त्याची किणकिण जाऊन नुसती सळसळ उरते.

कोणते कधी लावले हे न सांगता त्याने एकच अभंग दोनदा ऐकवला. मला फरक सांगता आला नाही. आईने डोळे मिटून दोन्ही वेळा ऐकले आणि म्हणाली, “गाणं चांगलं आहे रे, पण ह्यात टाळच नाहीत की!”

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. टाळ दोन्हींत होते आणि स्पष्ट वाजत होते.

त्या क्षणी मागचे वर्ष माझ्या डोळ्यांपुढून सरकले. आईने संध्याकाळच्या हरिपाठाला जाणे सोडले होते. प्रश्न विचारला की ती भलतेच उत्तर देई, कधी नुसती हसे. वयामुळे विस्मरण होत असावे, असा निष्कर्ष आम्ही काढून टाकला होता. मी तर अनेकदा तिच्यावर ओरडलोही होतो. तिला शब्द पोहोचतच नसतील, हे माझ्या मनात आले नाही. याची खंत मला अजून वाटते.

नांदेडला कान-नाक-घसा तज्ज्ञांनी प्रथम कानातील मळ तपासला, मग श्रवणचाचणी केली. आलेखाची रेघ खालच्या पट्टीत ठीक होती. वरच्या पट्टीकडे उतारावरून घसरत गेली होती. वयोमानानुसार येणारे ऐकण्याचे उणेपण बहुधा याच क्रमाने येते. तरुण कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकतो. उतारवयात ही मर्यादा बरीच खाली येते. टाळांची किणकिण वरच्या पट्टीत असते. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळखही तिथेच असते. म्हणून अशा माणसाला आपण बोलतो आहोत हे कळते, पण काय बोलतो ते कळत नाही. ओरडल्याने आवाज वाढतो, शब्द मात्र स्वच्छ होत नाहीत.

हे समजल्यावर फाइलींचा प्रश्न आपोआप सुटला. महाग फाइलमध्ये जे अधिक असते, ते बहुतांशी तरुण कानांच्याही मर्यादेपलीकडचे असते. आईने तर उमेदीच्या वयात परभणी आकाशवाणीवर भक्तिगीते ऐकली. मध्यम लहरींच्या त्या प्रक्षेपणात वरच्या पट्टीतले फारसे काही येतच नसे, तरी तिचे समाधान होई. भीमसेनजींनी लहानपणी गदगला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली, ती जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची आणि खरखरीची. पण त्या सुरांच्या ओढीने १९३३ साली त्यांनी गाणे शिकण्यासाठी घर सोडले.

आईला श्रवणयंत्र बसवले. घरी आल्यावर तोच अभंग साध्या मोबाइलवरून लावला. “आले बघ टाळ,” ती म्हणाली, “पण लई करकरायलेत.” यंत्र पुन्हा जुळवून घ्यावे लागले. बोलण्यासाठी केलेली मांडणी संगीताला नेहमी मानवत नाही. संगीतासाठी वेगळी मांडणी मागता येते, हे आम्हाला दुसऱ्या खेपेस कळले. मेंदूला नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागले. आता ती हरिपाठाला जाते. गर्दीत अजूनही सगळे ऐकू येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या घरी कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारत असेल, किंवा बोलण्यातून हळूहळू बाजूला होत असेल, तर नवा स्पीकर घेण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या ज्या १४ बदलता येण्याजोग्या जोखमी सांगितल्या आहेत, त्यांत श्रवणदोष आहे. ऐकू येणे एकाएकी बंद झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. बोलताना समोर बसावे, चेहऱ्यावर उजेड असावा, टीव्ही बंद करावा आणि सावकाश बोलावे.

संगीतासाठी ॲपमध्ये उत्तम प्रत निवडावी आणि नेटवर्क चांगले असताना अभंग उतरवून ठेवावेत. हाय-रेझोल्यूशन फाइल साध्या ब्लूटूथवरून पाठवली, तर ती वाटेत पुन्हा दाबली जाते, तेव्हा तो खर्च वायाच. आवाज बेताचा ठेवावा. प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे.

मग एखाद्या संध्याकाळी वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्या आवडीचा अभंग लावावा आणि सहज विचारावे, टाळ ऐकू येतो का?