पाकी आणि पसारा

मुसलमान बाईच्या घरची लादी दोनदा तपासली जाते. एकदा आपल्या माणसांकडून, म्हणजे सासू, नणंदा, खाला, फुफी यांच्याकडून. दुसऱ्यांदा, पहिल्यांदाच चहाला आलेल्या बिगरमुस्लिम ओळखीच्या बाईकडून. ती काही वावगं बोलत नाही. उठताना फक्त म्हणते, "किती स्वच्छ ठेवलंयस गं घर!" त्यातलं कौतुक खरं असतं आणि आश्चर्यही खरं असतं. मी शाळेत शिकवते. माझ्या बऱ्याच मैत्रिणी हिंदू आहेत, जिवाभावाच्या आहेत. तरी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता मला त्यातलं आश्चर्यच आधी ऐकू येतं.

अम्मीने तर ते जन्मभर ऐकलं. मुसलमान मोहल्ला म्हणजे घाण, हे लोकांचं ठरलेलं. गटार उघडं का, कचऱ्याची गाडी याच गल्लीत रोज का येत नाही, हे कुणी विचारत नव्हतं. अम्मीने या सगळ्याला फडक्याने उत्तर दिलं. आमच्या पुढच्या खोलीत शोकेस होतं, त्यात मामूने कुवेतहून आणलेला काचेचा सेट, आणि सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर. त्या खोलीत आम्हा चार भावंडांना बसायची मनाई होती. आम्ही मागच्या पडवीत वाढलो. अम्मीला मी नावं ठेवत नाही. तिच्या हातात तेवढंच होतं. पण तिच्या मांडीवर बसल्याचं मला फारसं आठवत नाही, हाताला येणारा फिनेलचा वास मात्र पक्का आठवतो.

माझ्या घरात पुढची खोली मुलांची आहे. सोफ्याच्या उशांची झोपडी असते, कागदाचे कपटे असतात, कधी अर्धी खाल्लेली बिस्किटं. यावर मला सर्वांत जास्त वेळा ऐकवली जाते ती धर्माची गोष्ट, की बाई, पाकी म्हणजे निम्मं ईमान. मग धर्माचंच बोलू.

पाकी आणि टापटीप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमाजेला अंग पाक हवं, कपडे पाक हवेत आणि जिथे जानमाज अंथरायची ती जागा पाक हवी. शोकेसच्या काचेवर बोटांचे ठसे उमटल्याने कुणाची नमाज मोडत नाही. न्हाणीघर, स्वयंपाकाचा ओटा, भांडी, कपडे, नमाजेची जागा यांत मी तडजोड करत नाही, आणि त्याला मला रोज तासभर पुरतो. त्यापुढचं जे घासणं-पुसणं आहे ते अल्लाहसाठी नाही, नणंदेसाठी आहे. नणंदेसाठी करायला हरकत नाही, फक्त ते ईमानाच्या खात्यावर मांडू नये.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत उम्मे कैस नावाच्या बाईंची हकीकत आहे. त्या आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या. बाळ अजून अन्न खात नव्हतं. प्रेषितांनी त्याला मांडीवर घेतलं आणि त्याने कपडे भिजवले. प्रेषितांनी पाणी मागवून त्यावर शिंपडलं. विषय संपला. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आमच्याकडे दुधाशिवाय काही न खाणाऱ्या मुलग्याच्या बाबतीत आजही एवढंच पुरतं. (मुलीचं मात्र धुवावं लागतं. असं का, हे माझ्या मोठीने विचारलंय. माझं उत्तर तिला अजून पटलेलं नाही.)

नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन ते नमाज पढत. सजद्याला जाताना तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. आणि मला सगळ्यांत जवळची वाटते ती दुसरी गोष्ट. लांब नमाज पढवायचं मनात असतानाही मागे एखादं मूल रडताना ऐकू आलं की त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत. नमाज आटोपती घेता येते, मग लादीचं काय एवढं?

हा वेळ कशासाठी हवा, तेही सांगते. मुलं मुद्द्याचं आल्या आल्या कधीच सांगत नाहीत. मी साडेपाचला घरी येते. मगरिबपर्यंत मी काहीही आवरत नाही, नुसती खाली बसते. हातात मोबाइलही नसतो. पहिली वीस मिनिटं फालतू गोष्टी होतात. कुणाची पेन्सिल हरवली, बाईंनी कुणाला उभं केलं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका संध्याकाळी, धाकटा झोपडीत झोपलेला असताना, अकरा वर्षांची मोठी म्हणाली, "अम्मी, आपल्या घराला वास येतो का?" वर्गातल्या एका मुलीने सांगितलं होतं, तुमच्या लोकांच्या घरांना वास येतो, म्हणून आई जाऊ देत नाही. ही गोष्ट लेकीने चार दिवस पोटात ठेवली होती. मी त्या वेळी उठून भांडी घासत असते तर ती पाचव्या दिवशीही पोटातच राहिली असती.

त्या क्षणी अम्मीचं फडकं माझ्याही हाताला आठवलं. उठावं आणि सगळं घर धुऊन काढावं असं वाटलं. उठले नाही. पोरीला जवळ घेतलं आणि म्हटलं, "आपल्या घराला आत्ता मसूरच्या आमटीचा येतोय, आणि थोडा तुझ्या मोज्यांचा." ती हसली, मग रडली. मग आम्ही बराच वेळ बोललो. काय बोललो ते तिचं आहे, इथे लिहीत नाही.

मुलांचे अब्बा कुवेतला आहेत. वर्षाला ४५ दिवस येतात. मोठीच्या ११ वर्षांत ४९५ दिवस, म्हणजे जेमतेम सोळा महिने बाप घरात. ही आकडेमोड त्यांनीच मागच्या सुट्टीत विमानतळावर जाताना गाडीत केली होती, आणि नंतर पनवेल येईपर्यंत कुणी बोललं नव्हतं. त्या ४५ दिवसांतलेही दहाएक दिवस पाहुण्यांत आणि पाहुण्यांसाठी घर लखलखीत ठेवण्यात जातात.

पुढच्या महिन्यात ते येतायत. या खेपेला मी सगळ्यांना आधीच कळवलंय, पहिले आठ दिवस कुणी येऊ नका. नणंद रागावली आहे. सासूबाई गप्प आहेत, म्हणजे त्या बहुधा माझ्या बाजूच्या आहेत. नणंद तरीही येईल, मी तिला ओळखते. चहा देईन, नानखटाई देईन. बसायला मात्र खुर्ची आहे, सोफ्यावरची झोपडी मोडणार नाही.