ओटाची बिस्किटे

घरी बिस्किटे भाजणे हा उद्योग पुरुषार्थात मोडतो की नाही, याविषयी आमच्या मित्रमंडळात दोन तट आहेत. आमचे मत विचाराल तर, ज्या कामाचा घमघमाट जिन्यावरून तीन मजले खाली उतरतो आणि ज्याचे फळ तासाभरात हाती पडते, ते काम ग्रंथलेखनाहून खचितच कमी प्रतीचे नाही. विजेची एक लहानशी भट्टी घरात आली, तेव्हापासून महिन्यातून एकदा ओट, मनुका व सुके अंजीर यांची बिस्किटे करून ती शेजारी वाटण्याचा परिपाठ आम्ही ठेविला आहे.

ओट या धान्याला आपल्याकडे स्वयंपाकघरात मान मिळाला तो अगदी अलीकडे. एरवी आपल्या देशात ते पिकते मुख्यत्वे जनावरांच्या वैरणीसाठी. डॉक्टर जॉन्सनने तर १७५५ सालच्या आपल्या कोशात या शब्दाचा अर्थ देता देता इंग्लंडातील घोडे आणि स्कॉटलंडातील माणसे यांना एकाच पंगतीस बसविले! स्कॉच लोकांनी ओटाची भाकर खाणे काही सोडले नाही, हा भाग निराळा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत २५ एप्रिलच्या स्मृतिदिनाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ती अँझॅक बिस्किटेही ओट, खोबऱ्याचा कीस, लोणी आणि साखरेचा घट्ट पाक यांचीच होतात. त्यांत अंडे नसते, आणि आमचे मन त्यांच्यावर बसले ते याच गुणामुळे. ज्याला दहा घरी वाटावयाचे आहे त्याला अंड्याचा विचार आधी करावा लागतो.

आमची रीत अशी. दोन वाट्या ओट कोरडेच मंद आचेवर भाजून घ्यावे. त्यावाचून त्यांचा कच्चा, कागदासारखा वास जात नाही. एक वाटी कणीक, पाऊण वाटी साजूक तूप, तेवढाच चिरलेला गूळ, अर्धा चमचा सोडा, दोन चमचे दही. तूप आणि गूळ प्रथम हाताने फेसावे, मग दही, मग बाकीचे. मनुका व अंजिराचे तुकडे मिळून एक वाटी. ते अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून कोरडे पुसून घ्यावे, नाहीतर भट्टीत त्यांचे खडे होतात. पीठ कालविल्यावर लगेच थापण्याची घाई मात्र करू नये. ओट ओलावा सावकाश शोषतो. अर्धा तास झाकून ठेवले म्हणजे पीठ आपोआप आवळून येते, आणि बिस्कीट भट्टीत पसरत नाही. पुढे १७५ अंशांवर पंधरा मिनिटे. कडा तांबूस झाल्या की मधला भाग मऊ असतानाच बाहेर काढावे, कारण खुसखुशीतपणा निवताना येतो. हे शेवटचे वाक्य आम्ही किती घरी किती वेळा सांगितले असेल! तरी मंडळी भट्टीतच कडकपणाची वाट पाहतात आणि मग दातांच्या वैद्याला दोष देतात.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जैन कुटुंब आहे. त्यांना अंजीर वर्ज्य, म्हणून पिठात अंजीर पडण्यापूर्वीच नुसत्या मनुकांचा एक थाळा वेगळा निघतो. शेजारच्या मुसलमान गृहस्थांच्या आईंना मधुमेह. त्यांच्या वाट्याचा गूळ अर्ध्यावर. बिस्किटाची चव जिभेने घ्यावयाची असली तरी ते करावे लागते दुसऱ्याच्या घराकडे पाहून.

बिस्कीट हा पदार्थ पुणेकरांच्या इतिहासात साधासुधा नव्हे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांच्या करामतीने हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात झळकली, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्या पुरुषांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. कोणी काय व किती घेतले याचा काथ्याकूट झाला, आणि रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. कोणी कोणाच्या हातचे खावे, या प्रश्नावर सारे शहर दुभंगले होते!

तो प्रश्न मिटला असे म्हणावयाची आता चाल आहे. आम्हांस तसे वाटत नाही. देणाऱ्याचा हात वर असतो. बिस्किटे वाटणे म्हणूनच सोपे. ज्यांना आपण देतो त्यांच्या घरचे आपल्या ताटात आले म्हणजे खरा प्रकार कळतो. कामाच्या बाईंसाठी निराळा कप खिडकीत पालथा घातलेली घरे आम्ही आजही पाहतो, आणि त्याच घरांतून दिवाळीला त्यांना फराळाचे मोठे पुडेही जातात.

आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाई दर खेपेस बिस्किटांचा डबा नेत असत. गेल्या आषाढात डबा परत आला तो कापण्यांनी भरून. आमच्या मातोश्रींचे वय चौऱ्यांशी. त्यांच्या माहेरी अशा घरचे पाणीदेखील चालत नसे, आणि हे त्या स्वतःच सांगतात. डबा त्यांच्यासमोरच उघडला गेला. आम्ही उगाचच वर्तमानपत्र उचलले. सूनबाई चहाकडे पाहू लागल्या. बाई मात्र नळाखाली कढई धरून, पाठ करून उभ्या होत्या, आणि नळाचे पाणी त्यांनी बारीक केले होते.

मातोश्रींनी एक कापणी मोडली, अर्धी तोंडात टाकली, आणि बराच वेळ चावली. दात थोडे, म्हणून वेळ लागला. दुसरे कारण असल्यास ते त्यांनाच ठाऊक.

"बडीशेप घातलीस वाटतं?"

"व्हय आज्जी, आन् वरनं खसखस लावलीया."

"गूळ बेताचा आहे. बरं केलंस," असे म्हणून त्यांनी उरलेला अर्धा तुकडा चहात बुडविला आणि आणखी दोन आपल्या बशीत काढून घेतल्या. नळ पुन्हा पूर्ववत वाहू लागला.

त्या दिवशी जाताना बाईंनी आमच्या बिस्किटांविषयीही आपला अभिप्राय प्रथमच दिला. चव बरी आहे. पण एवढी वीज जाळून शेवटी वीसच नग निघतात, तेवढ्या वेळात आपण शेरभर कापण्या तळून मोकळ्या होतो! हिशेब बिनतोड होता. पुढल्या खेपेपासून मातोश्रींच्या आज्ञेने ओटाच्या बिस्किटांवर खसखस लावण्यात येते. अंजिराशी ती मुळीच जुळत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु ते दोन मतांविरुद्ध एक असे फेटाळले गेले आहे.