पेट्रोलची वाट

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे गाव ऑगस्ट २०२१मध्ये देशभरच्या बातम्यांत आलं ते एका हेलिकॉप्टरमुळे. आठवीपर्यंत शिकलेला, भावाबरोबर वेल्डिंगची कामं करणारा चोवीस वर्षांचा शेख इस्माईल शेख इब्राहिम, म्हणजे गावाचा मुन्ना, याने पत्रे आणि पाइप जोडत हे हेलिकॉप्टर उभं केलं होतं. इंजिन मारुती ८००चं. स्वातंत्र्यदिनाला ते लोकांपुढे आणायचा त्याचा बेत होता. त्याआधीच्या एका रात्रीच्या चाचणीत मागचा पंखा तुटला, वरच्या मोठ्या पात्यावर आदळला आणि ते पातं मुन्नाच्या डोक्याला लागलं. यंत्र तेव्हा जमिनीवरच होतं.

त्या अपघातात पेट्रोलच्या नळीचा काही दोष नव्हता. उलट, इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे टाकीतलं पेट्रोल नीट पोचत होतं. पण घरी विमान बांधणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना आपण पंख सांगतो, पातं सांगतो, इंजिन कुठल्या गाडीचं ते सांगतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या चार हात नळीचं नावही कुणी काढत नाही. गाडीचं इंजिन भंगारात मिळतं. त्याच्यापर्यंत पेट्रोल नेण्याची वाट मात्र भंगारात मिळत नाही, ती विमानागणिक नव्याने आखावी लागते.

सगळ्यात सोपी वाट उताराची. टाकी वर, इंजिन खाली. राइट बंधूंनी १९०३मध्ये हेच केलं. विमानाला पंप नव्हता, खांबाला टांगलेल्या छोट्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येई आणि मधला कॉक होता घरातल्या गॅसच्या दिव्याचा. त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने हाताशी होतं ते लावलं. यवतमाळच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही फिटरला हे शहाणपण नवीन वाटणार नाही. जुन्या मोटरसायकलची टाकीही इंजिनाच्या वर बसते, खाली कॉक असतो, आणि गाडी ‘रिझर्वला लागली’ की चालवणारा न बघता डाव्या हाताने तो फिरवतो. न बघता, हे महत्त्वाचं.

पंख वर असलेल्या विमानात ही उताराची सोय आयती मिळते. पंख खाली असले की टाक्या इंजिनाच्या पातळीला किंवा त्याखाली जातात, मग पंप आला. एक इंजिनावर चालणारा, दुसरा विजेवरचा, पहिला बसला तर हाताशी असावा म्हणून. इथे एक बारकावा नवख्याला हमखास चकवतो. वर पंख असलेल्या विमानात दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवता येतात. खाली पंख असतील तर तसं करायचं नाही. एक टाकी आधी रिकामी झाली की पंप दुसरीतलं पेट्रोल ओढायच्या ऐवजी रिकामीतली हवा ओढतो, कारण हवा ओढणं सोपं. दुसऱ्या टाकीत भरपूर पेट्रोल आणि इंजिन बंद. म्हणून कॉकवर डावी, उजवी आणि बंद एवढ्याच खुणा.

कॉक कुठे बसवायचा, या प्रश्नावर एक जगप्रसिद्ध गायक गेला. जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळच्या समुद्रात आपल्या लाँग-ईझी विमानासह कोसळला. हे विमान बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून एका हौशी माणसाने घरी बांधलेलं, डेन्व्हरने ते नुकतंच विकत घेतलेलं. मूळ आराखड्यात पेट्रोलचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, समोर होता. बांधणाऱ्याला पेट्रोलची नळी माणूस बसतो त्या जागेतून न्यायची नव्हती. विचार चुकीचा नाही. मांडीजवळून पेट्रोल वाहतंय हे कुणालाच आवडणार नाही. म्हणून त्याने कॉक पाठीमागच्या आडभिंतीवर, वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे हलवला. त्यावर खुणाही नव्हत्या. पेट्रोल दाखवणाऱ्या काचाही पाठीमागे.

उड्डाणाआधी तिथल्या मेकॅनिकबरोबर डेन्व्हरने त्या कॉकला पक्कड लावून दांडा लांबवता येतो का ते पाहिलं. जमलं नाही. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून मेकॅनिकने त्याला एक आरसा दिला. पेट्रोल भरू का, असं विचारल्यावर त्याने नको म्हटलं. तासभरच उडायचं होतं. चौकशीत निघालं ते असं: कॉक फिरवायला वैमानिकाला विमान चालवायचा दांडा हातातून सोडून पूर्ण डावीकडे वळावं लागे, आणि वळताना आधारासाठी उजवा पाय नकळत पेडलवर दाबला जाई. कमी उंचीवर इंजिन थांबलं, हात मागे गेला, विमान कलंडलं. अपघातानंतर सगळे आरशाला हसले असतील, पण आरसा देणारा माणूस निदान प्रश्न ओळखत होता.

यवतमाळात या वाटेचा आणखी एक शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि पेट्रोल फार लवकर वाफ धरतं. जुन्या अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाटच्या चालकांना हे तोंडपाठ होतं: घाटात गाडी बसली की बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं. पंप इंजिनाजवळ, टाकी दूर, मधल्या नळीत ओढ लागली की दाब उतरतो, आणि उतरलेल्या दाबात तापलेलं पेट्रोल लवकर उकळतं. वाफेचा बुडबुडा अडकला की पंप नुसता खोकतो. म्हणून विजेचा पंप टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवतात. पेट्रोल ओढण्यापेक्षा ढकलणं बरं. नळी एक्झॉस्टपासून दूर, आगभिंतीपुढच्या, म्हणजे इंजिनाच्या, भागात तिच्यावर जळणार नाही असं वेष्टण. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे. इथेनॉल पाणी शोषून घेतं, काही जुन्या रबरांना आणि टाकीच्या लेपाला खातं. त्यामुळे गाडीला चाललेली होज विमानाला चालेलच असं नाही.

पेट्रोलमधल्या पाण्यासाठी सगळ्यात खोल जागी वाटीसारखा गाळणीचा सापळा आणि त्याला खालून उघडणारा कॉक, रोज सकाळी थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून बघायला. टाकीला श्वास घ्यायला नळी हवी, आणि तिच्या तोंडाला जाळी. विमान महिनाभर शेडमध्ये उभं राहिलं तर कुंभारमाशी त्या भोकात मातीचं घर करते. मग टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल यायचं थांबतं.

जोडाचीही गंमत आहे. बाजारात एसी-फ्रिजच्या मिस्त्रीकडे नळीचं तोंड फुलवायचं जे हत्यार असतं ते ४५ अंशांचं. विमानाच्या जोडाला ३७ अंश लागतात. दोन्ही एकमेकांवर आवळले तर डोळ्यांना जोड उत्तम दिसतो. गळतो नंतर, थरथर सुरू झाल्यावर.

असं काही बघायला दुसरा डोळा लागतो, आणि तो आपल्याकडे महाग. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते क्रेनने खाली उतरवून फेब्रुवारी २०१६मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं गेलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७मध्ये, उडायची परवानगी २०१९मध्ये. यादव जेट एअरवेजचे वैमानिक होते, फाइल कुठे अडते ते त्यांना कळत होतं. फुलसावंगीच्या वेल्डरने कुणाच्या दारात जायचं होतं? अमेरिकेत १९५३मध्ये स्थापन झालेल्या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेत अनुभवी सभासद नवख्याच्या गॅरेजमध्ये जाऊन असे जोड तपासतात. यवतमाळजवळ भारीला धावपट्टी आहे, जिल्हाभर वेल्डर आहेत, हौसही आहे. असा सभासद नाही.

तोवर एक चाचणी मात्र शेडमध्येही होते. विमानाचं नाक चढाईला असतं तेवढं वर करायचं, हवं तर मागच्या चाकासाठी खड्डा खणायचा. कार्बोरेटरची नळी सोडवून डब्यात धरायची आणि घड्याळ लावायचं. ठिणगी नको, विडीवाला लांब. निव्वळ उतारावर चालणाऱ्या टाकीतून पेट्रोल इंजिनाच्या उड्डाणावेळच्या गरजेच्या दीडपट यावं, पंप असेल तर सव्वापट. अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या नियमांत २०१७पर्यंत हे आकडे होते. इंजिन तासाला ३० लिटर पीत असेल तर उतारावरच्या टाकीने तीन मिनिटांत सव्वादोन लिटर द्यायला हवं, आणि तेही टाकी जवळपास रिकामी असताना. पावणेदोनच भरलं, तर सगळं परत सोडायचं, आणि आधी श्वासाची नळी बघायची.