पावती मुकादमाला द्यायची का?

'पावती मागा' हे आमच्या शिबिरातलं ठरलेलं वाक्य. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ग्राहक हक्कांवर बोलताना वीजबिल, रेशन, खताची गोणी आणि शेवटी दवाखाना असा आमचा क्रम असतो. तुम्ही पैसे मोजता, म्हणून तुम्ही ग्राहक; ग्राहक म्हणून तुम्हाला हक्क आहे, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. या जुलैत त्या वाक्याची आमची आम्हालाच लाज वाटली.

चिकूच्या वाडीत मजुरी करणारा एक वारली गडी पावसात झाडावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि हाडांचे डॉक्टर नाहीत म्हणून 'पुढे न्या' अशी चिठ्ठी दिली. आमच्याकडे 'पुढे' म्हणजे बहुतेक वेळा सीमेपलीकडे. मुंबई लांब, वापी, सिल्वासा जवळ. सिल्वासाला मोठं सरकारी रुग्णालय आहे. पण गाडीवाल्याने एका खासगी दवाखान्याचं नाव घेतलं, 'रातोरात ऑपरेशन होईल' म्हणाला. घरच्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही मान डोलावली. हे आमचं चुकलं. गाडीवाल्याला तिथून काही मिळतं का, एवढं विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

अनामत वीस हजार. मग प्लेट, स्क्रू, औषधं, खोलीचं भाडं. सुट्टी मिळेपर्यंत आकडा पंच्याऐंशी हजारांवर गेला. योजनेचं कार्ड इथे चालत नाही, हे काउंटरवर पहिल्याच रात्री सांगितलं होतं. ज्यांच्या घरची सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना गेली, त्या फुल्यांचं नाव त्या योजनेला आहे. पण नाव कितीही मोठं असो, दवाखाना यादीत नसेल तर कार्ड खिशातच राहतं.

बिल म्हणून एका ओळीची कच्ची पावती मिळाली. आम्ही भांडलो. दोन तासांनी तपशिलासह पक्कं बिल आलं. लढाई जिंकल्यासारखं ते आम्ही त्याच्या बायकोच्या हातात ठेवलं. ती म्हणाली, "दादा, ही मुकादमाला द्यायची का? पैसं तर त्याचंच हाय."

पैसे म्हणजे वीटभट्टीची उचल. फेडायला दिवाळीनंतर ती, तिचा दीर आणि आश्रमशाळेत नववीत शिकणारी मुलगी भट्टीवर जाणार, असा तोंडी करार झाला होता. आम्हाला पत्ताच नव्हता.

आता कायदा. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. डॉक्टरला जाब विचारता येतो, हे त्यामुळे सामान्य माणसाला कळलं आणि आम्ही त्याचा वापर करतो. २०१९ च्या कायद्याने तर तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलच हवा असं नाही, मुदत दोन वर्षं. म्हणजे दवाखाना गुजरातेत असला तरी तक्रार इथे होऊ शकते. वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी आम्ही शिबिरात कधी सांगितली नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथला रुग्ण ग्राहक नाही. केसपेपरचे नाममात्र पैसे भरले तरी नाही. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफतच आहेत. मोफत झाले हे चांगलंच झालं. पण ज्या दारात आमचा गडी आधी गेला होता तिथे तो ग्राहक नव्हता. ग्राहक झाला तो उचल घेऊन, सीमा ओलांडल्यावर.

मग सरकारी दारात तो कोण होता? नागरिक. शांता निकालानंतर सहा महिन्यांतच, मे १९९६ मध्ये, त्याच न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात निकाल दिला. हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेतून पडला, सरकारी रुग्णालयांच्या दारोदार फिरवला गेला, कुठे खाट मिळाली नाही, अखेर खासगीत उपचार घ्यावे लागले. न्यायालय म्हणालं, हा कलम २१ चा भंग आहे. पैशांची सबब सरकारला सांगता येणार नाही. पंचवीस हजार भरपाई मिळाली. हा निकाल आमच्या गड्याच्या जास्त जवळचा आहे. तरी शिबिरात आम्ही शांता सांगतो, शेख सांगत नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना मालकाच्या वाट्याचं समर्थन केलं, पण लोककल्याणाचा भार मुख्यतः सरकारचा, असंही बजावलं. आमचे नोकरदार बांधव मात्र मेडिक्लेमच्या कार्डावर निश्चिंत आहेत. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. तालुक्यात हाडांचा डॉक्टर कधी येणार, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

तलासरीजवळच्या झरी गावात १९४५ साली वारली जमले ते वेठ आणि लग्नगडीविरुद्ध. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस आयुष्यभर सावकाराचा गडी होत असे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपली म्हणतात. इथे लग्नाच्या जागी ऑपरेशन आलं आणि सावकाराच्या जागी मुकादम. कागदावर मात्र तो 'सेवा घेणारा ग्राहक'.

ग्राहक आयोगाची तक्रार आम्ही तयार केली आहे, बिल जोडलं आहे. हाडांच्या डॉक्टरचं पद किती दिवस रिकामं आहे, यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही दिला आहे. उत्तर आलेलं नाही. वेठबिगारीची तक्रार तहसीलदारांकडे करू म्हटलं तर गडीच नको म्हणतो. पुढच्या दुखण्याला उचल कोण देणार, असं विचारतो.

दिवाळीला आता थोडेच दिवस आहेत. मुलीला शाळेत राहू दे, दोघंच येतील, असं आम्ही मुकादमाला दोनदा सांगून पाहिलं. तो राजी नाही. रविवारी पुन्हा जाणार आहोत.